चिठ्ठीत निघेल ते

गोधडी शिवायला घ्यायची तर नागपुरात मे महिन्यात घेऊ नये, हे मला मान्य आहे. बाहेर पंचेचाळीस अंश आणि मांडीवर चिंध्यांचा ढीग, हे दृश्य शहाण्या माणसाचं नाही. पण निवृत्त माणसाला मुहूर्त कोण विचारतं? ३५ वर्षं सरकारी खात्यात आरेखक म्हणून काटकोन काढले. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले, तेव्हा बायकोने पुण्याला मुलीला फोन केला. दोघी काय बोलल्या ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने मला नाद लावला.

"बाबा, रोज एक चौकोन शिवायचा. आठ बाय आठ इंच. आधी नकाशा काढायचा नाही. लुडोचा फासा रंग ठरवेल, सहा आकड्यांना सहा रंग, आणि डब्यातली चिठ्ठी काय करायचं ते सांगेल."

सात आडवे, नऊ उभे, म्हणजे ६३ चौकोन, गोधडी ५६ बाय ७२. हे गणित मी तिचं वाक्य संपायच्या आत करून दाखवलं.

"हेच करायचं नाहीये," ती म्हणाली.

मग तिने फोटो पाठवले. अमेरिकेत अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून, मनाला येईल तशा शिवलेल्या गोधड्या आता संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नडातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, ते कडेपासून सुरू करून आत आत जात. गीज बेंडच्या गोधड्या मी नीट बघितल्या. रेघ म्हणून सरळ नाही, आणि तरी नजर हलत नाही. मला याचा रागच आला.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ४० चिठ्ठ्या टाकल्या. 'पट्टी न वापरता कापा.' 'एक त्रिकोण, पण मधोमध नको.' 'कालचा उरलेला तुकडा वापरा.' कापडासाठी गोकुळपेठेतल्या टेलरकडे गेलो. "कतरन? कायले पाह्यजे भाऊ तुमाले? गादी भरून राहिले का?" कला करतोय म्हणायची हिंमत झाली नाही. हो, गादी, म्हणालो. त्याने पोतंभर दिलं.

पहिल्याच चौकोनाने जिरवली. आठ इंचांचं कापड घेतलं, कापून त्यात पाच शिवणी घातल्या आणि मोजलं तर साडेपाच इंच भरलं. अडीच इंच गेले कुठे? बायकोने उलटं करून दाखवलं: प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचा पाव-पाव इंच आत जातो.

"माया सोडली नाही तुम्ही," ती म्हणाली. कापडाची म्हणत होती, असं मी धरून चाललो. मंजूर झालेलं डांबर रस्त्यावर येईपर्यंत कमी कसं होतं, हे मला नोकरीत कधी उलगडलं नाही. इथे निदान उलटून बघता येत होतं.

चौथ्या दिवशी निघालं, 'दोन कापडं एकावर एक ठेवा, वळणदार कापा, अदलाबदल करून जोडा.' ऐकायला सोपं आहे. पण वळणावर कापड उरेब होतं, म्हणजे तिरप्या धाग्यावर, आणि मग ते रबरासारखं ताणतं. एका तुकड्याची कड फुगलेली, दुसऱ्याची खोलगट. त्या एकमेकींना बसवताना दर अर्ध्या इंचाला टाचणी लागते, आणि टाचण्या लावून झाल्या की त्यातली एक हमखास बसायच्या खुर्चीवर असते. शिवून झाल्यावर चौकोनाला मधोमध पोट आलं. "तुमच्यावर गेला," बायको म्हणाली.

त्यात कूलर. चालू ठेवला की डब्यातल्या चिठ्ठ्या दिवाणखाना ओलांडून देवघरात. बंद केला की घामाचे थेंब थेट कापडावर. आणि प्रत्येक शिवणीवर इस्त्री फिरवल्याशिवाय पुढची बसत नाही. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, भर दुपारी, हातात तापलेली इस्त्री घेतलेला माणूस बघून शेजारचे दार लावून घ्यायचे.

पण खरा छळ फाशाने केला. पिवळा, पिवळा, पिवळा. तीन दिवस सलग. चौथ्या दिवशी पुन्हा पिवळा आला, तेव्हा मी ठरवलं की फासा सतरंजीच्या सुरकुतीवर पडलाय, म्हणून धरायचा नाही. पुन्हा टाकला. पिवळा. मुलीला फोन करून सांगितलं, फासा खराब आहे.

"बाबा, काल आला तोच रंग आज यायची शक्यता सहात एक. महिन्यात चार-पाचदा असं होणारच. लागोपाठ पाच जरा जास्त झाले, पण फाशाला कालचं आठवत नाही."

मला आठवतं ना! रोज वेगळा रंग यावा, सगळ्यांना सारखी संधी मिळावी, एवढीच अपेक्षा होती. तिच्या मते त्याला योगायोग नाही, हजेरीपट म्हणतात.

सव्विसाव्या दिवशी माझ्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली: 'घरातलं सगळ्यात जुनं कापड वापरा.' घरातलं सगळ्यात जुनं कापड आईच्या पेटीत असतं. वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल पुढे बंद पडली आणि त्या जागी आता मॉल आहे. पण तिथली एक पांढरी चादर आईने डांबराच्या गोळ्या घालून जपली आहे. मी पेटीचं झाकण उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करून राहिला रे?"

मी चिठ्ठी दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा वाचली.

"चांगलं कापड कोणी कापते का? गोधडीले फाटलेलं लागते."

"आई, पण चिठ्ठीत..."

"आम्ही काय चिठ्ठ्या काढत होतो? ज्याचं फाटलं त्याचा नंबर." मग तिने पेटीच्या तळातून एक विरलेला परकर काढून माझ्या अंगावर टाकला. त्या दिवशी फाशाने हिरवा सांगितला होता. परकर पिवळा होता. फाशाला पुन्हा विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही.

त्यानंतर डब्यात काहीतरी फरक पडला. 'मशीनला तेल द्या,' अशी चिठ्ठी निघाली, तेव्हा मला वाटलं मीच कधीतरी लिहिली असेल. पुढच्या आठवड्यात, 'आज रंग कोणताही, पण चिंध्या दिवाणाखाली नकोत.' ही किराण्याच्या यादीच्या पाठीवर लिहिलेली होती. बायको निर्विकारपणे शेंगा सोलत बसली होती.

काल डब्यातून एक चिठ्ठी निघाली, चार घड्या घातलेली. अक्षर थरथरतं, पण ओळ सरळ:

'माझ्या उशीचा अभ्रा फाटला आहे. पट्टी वापरली तरी चालेल.'

मी कपाटावरची टी-स्क्वेअर खाली काढली, धूळ पुसली आणि फासा न टाकताच मशीनवर बसलो.