क्रीमवाला कार्बोनारा आणि माझं नाकाने कांदे सोलणं

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक-दोन ठिकाणी 'हं, हे बरोबर आहे' असं झालं, म्हणून दोन दिवस थांबून मग लिहायला बसलोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इटालियन खायला जागा कशी निवडायची यावर मी लिहिलं होतं की मेन्यूत कार्बोनारा (अंडं आणि चीज कालवलेला रोमचा पास्ता) शोधा, त्यात क्रीम असेल तर सरळ उठा आणि बाहेर पडा. त्यावर प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं, की तुम्ही नाकाने कांदे सोलता. आम्ही सात-आठ जण शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर भेटतो, आम्हाला गोंगाट हवा असतो, टेबलं जोडून मिळायला हवीत, कोणी शॉर्ट्सवर आलं तरी कुणी वळून बघू नये, अंडं की क्रीम याची चौकशी करत बसलो तर जेवणार कधी? आणि जाता जाता एक टोला, की 'ऑथेंटिक' हा शब्द एका लेखात नऊ वेळा आलाय.

मोजला. अकरा वेळा आहे.

तर तो मुद्दा पूर्ण मान्य. तो शब्द मी फेकला, विचार न करता. अहो, इटली नावाचं राज्यच १८६१ सालचं, आणि खाणं तर अजूनही ज्या त्या गावाचं. बोलोन्या शहरातले लोक त्यांचा रागू, म्हणजे मांसाचा सॉस, तालियातेल्ले नावाच्या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याबरोबर खातात, स्पॅगेटीबरोबर नाही, आणि इतके काटेकोर की शिजल्यावर तालियातेल्लेची पट्टी ८ मिलिमीटर रुंद हवी हे त्यांनी १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलं, १९८२ साली रागूची कृतीही नोंदवली. वाटेल की आता संपलं, दगडावरची रेघ. तर २०२३ मध्ये त्याच रागूची सुधारित कृती परत नोंदवली! आणि ज्या कार्बोनारावरून मी एवढा उड्या मारत होतो, त्याची १९५४ साली एका इटालियन मासिकात छापून आलेली कृती बघाल तर तिच्यात लसूण आहे आणि ग्रुयेर चीज आहे, जे आज रोममध्ये कुणी घातलं तर भांडण होईल. तेव्हा अस्सल-बिस्सल सोडा, तिथे मी हरलो.

पण क्रीमचा मुद्दा मी सोडत नाही. फक्त कारण बदलतो, कारण खरं कारण मला तेव्हा नीट लिहिताच आलं नव्हतं.

बघा, बिनक्रीमचा कार्बोनारा करताना काय होतं. ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, त्याच्याच चरबीत परतलेलं असतं, त्यात उकळत्या पाण्यातून काढलेला पास्ता येतो, मग पॅन आचेवरून खाली, आणि वरून अंड्याचा बलक, किसलेलं पेकोरिनो चीज, काळी मिरी आणि पास्ता शिजवलेलं पिठूळ पाणी थोडं थोडं, आणि हात सतत हलता. पॅन जरा जास्त गरम असला की अंडं फुटून बारीक गुठळ्या, जरा गार असला की सॉस नुसता पाणचट. सगळा खेळ मिनिटाच्या आतला, आणि तेवढा वेळ तिथे एक माणूस लागतो ज्याला दुसरं काही काम नाही. क्रीम घातलं की ही भीती जवळजवळ संपते, प्लेट थोडा वेळ तशीच पडून राहिली तरी चालतं. म्हणजे क्रीम ही किचनने तुम्हाला दिलेली खबर आहे, की बाबांनो आमच्याकडे त्या पॅनपाशी उभा राहायला माणूस नाही. त्यात पाप काहीच नाही, भरलेल्या जागेत तो माणूस नसणारच. पण ती खबर वाचून उठून जायचं नसतं, तिथे कार्बोनारा मागवायचा नसतो. एवढाच फरक. आणि हा फरक मला तुमच्यामुळे दिसला, हेही सांगून टाकतो.

माझा स्वतःचा किस्सा ऐका म्हणजे कळेल मी किती शहाणा आहे ते. शनिवारची रात्र, खुर्च्या फुटपाथवर आलेल्या, आम्ही सहा जण, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस, आणि मी ऐटीत मशरूम रिसोत्तो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात, मागवला. सहा मिनिटांत आला. कच्चा तांदूळ धरून रिसोत्तोला सोळा-अठरा मिनिटं लागतात. तांदूळ अर्धाकच्चा शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवणं आणि ऑर्डर आली की पूर्ण करणं, हे चांगल्या किचनमध्येही करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा नुसता गरम केलेला होता. चमचा उभा केला, उभाच राहिला. प्लेट तिरकी केली, हललाच नाही. रिसोत्तो प्लेटमध्ये लाटेसारखा सरकायला हवा, इटालियनमध्ये त्याला 'ऑल ओंदा' म्हणतात, आणि माझ्यासमोर सिमेंट. मी तोंड पाडून बसलो, तर मैत्रीण पिझ्झाचा तुकडा चघळत म्हणाली, "इथे रिसोत्तो मागवायला तुला सांगितलं कुणी?" तिचा पिझ्झा, काय सांगू, कडेला फुगलेला, काळे ठिपके, मधे मऊ. त्याच किचनमधून, त्याच गर्दीत.

आणि ते का, हे समजलं की तुमचा शुक्रवार सुटला. पिझ्झाचं खरं काम दुपारीच होऊन गेलेलं असतं. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेली पिझ्झावाल्यांची संघटना आहे, तिच्या नियमात पीठ किमान ८ तास फुगवायचं, भट्टी साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअस आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर. म्हणजे रात्री फक्त पीठ ताणा, वर सॉस-चीज घाला, भट्टीत सारा. टेबलं दुप्पट झाली तर रांग लांबते, पिझ्झा बिघडत नाही. सगळीकडे लाकडाची भट्टी नसते आणि नसली तरी चालेल, पण पीठ कधी मळलं हे विचारा की, वेटरला उत्तर माहीत असलं तर तेवढ्यावरच मी बसतो. भट्टी दिसत असेल तर दोन मिनिटं उभं राहून बघा, नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा करणारा बोटांनी मधली हवा कडेकडे ढकलत नेतो, म्हणून ती कड फुगते. (रोमचा पातळ कुरकुरीत पिझ्झा लाटतात, तेव्हा लाटणं दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. हो, हे मी मलाच सांगतोय.)

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे, मेन्यू लांब असला तर बिघडलं काय. इथे मी अर्धाच मागे येतो. पानं मोजू नका, सॉस मोजा. साठ पदार्थ असतील पण फिरून फिरून टोमॅटो, लसूण-तेल, पेस्तो (बेसिलची हिरवी चटणी) आणि एक मांसाचा, असे चारच सॉस असतील तर काळजी नाही, चार पातेली आहेत आणि ती रोज संपत असणार. पण साठ पदार्थांना वीस सॉस, वर सुशी आणि बर्गर, तर त्यातले पंधरा सॉस फ्रीझरमध्ये झोपलेत असं समजा. आणि सहा पदार्थांवर ट्रफल (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) ऑइल असेल तर हसून पान उलटा, ते तेल बहुतेक वेळा लॅबमध्ये बनवलेल्या वासाचं असतं, ट्रफलशी त्याची ओळखही नसते.

आठ जणांनी आठ वेगळे पास्ते मागवणं हा मात्र तुमचा गुन्हा आहे, माझा नाही. पास्ता पाच मिनिटांत चिकटायला लागतो, आठ पॅन एकदम कुणाच्या बापाला जमत नाहीत, मग पहिला येतो तेव्हा शेवटचा अजून पाण्यात, आणि तुम्ही सभ्यपणे सगळ्यांचं येईपर्यंत थांबता. दोनच प्रकार मागवा, मोठ्या प्लेटमध्ये, टेबलाच्या मधे, बाकी पिझ्झा.

लेखातलं 'उठा आणि बाहेर पडा' हे वाक्य काढतोय. 'ऑथेंटिक' दोनवर आणलेत, ते दोन निघतच नाहीयेत.

आणि एक राहिलं. तुमच्या त्या शुक्रवारच्या जागेतला पेस्तो भारी असतो असं तुम्ही लिहिलंय. तो हिरवागार येतो की काळपट? कारण पेस्तो पॅनमध्ये गरम केला की बेसिल काळवंडतं, तो आचेवर न धरता नुसता कालवायचा असतो. हिरवा येत असेल तर मला जागेचं नाव कळवा, पुढच्या शुक्रवारी नववी खुर्ची माझी.