अनुभवाची अट नाही

"अनुभवाची अट नाही," पम्याने मोबाइलवरचं वाक्य दुसऱ्यांदा वाचून दाखवलं. "अर्जेंटिनातला अकोन्काग्वा, ६,९६१ मीटर. १३ दिवस. गाइड, तंबू, परवाना सगळं त्यांच्याकडे. आपण फक्त चालायचं."

"आणि उतरायचं?" वैजूने विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही. वाच पुढे."

पुढे वाचायची वेळच आली नाही, कारण अव्या कट्ट्यावरून उडी मारून खाली उतरला होता. अव्या उभा राहिला की समजायचं, आता अर्धा तास गेला. "आयत्या बिळावर नागोबा!" तो म्हणाला. "वाट दुसऱ्याने काढायची, तंबू दुसऱ्याने ठोकायचा, बर्फ वितळवून पाणीसुद्धा दुसऱ्याने करायचं, आणि माथ्यावर झेंडा घेऊन फोटो कुणाचा? याला गिर्यारोहण म्हणत नाहीत. ही पालखी आहे."

अव्याचं हे मत जुनं आहे आणि त्याचा देवही ठरलेला आहे: मेसनर. १९७८ साली मेसनर आणि हाबेलर ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय एव्हरेस्ट चढले, १९८०मध्ये मेसनर तिबेटच्या बाजूने एकटाच चढला, तेही सिलिंडरशिवाय. अव्याच्या लेखी त्याच्या खालचे सगळे प्रवासी.

वैजू सात वर्षं लोकांना डोंगरात नेत होती. हा टोमणा तिने इतक्यांदा ऐकलाय की ती आता चिडत नाही. "मग सगळा इतिहासच पालखीतला आहे बघ," ती म्हणाली. "आल्प्समधल्या शामोनीच्या गाइड लोकांनी संघटना केली १८२१मध्ये. का, तर आदल्या वर्षी माँ ब्लाँवर हिमस्खलनात तिघे गाइड गेले म्हणून. तिथलंच मॅटरहॉर्न, १८६५: पहिल्यांदा सात जण वर गेले, त्यात तिघे गाइड. आणि याच्या अकोन्काग्वाचं तर ऐकच. १८९७. मोहीम फिट्झजेराल्ड नावाच्या इंग्रजी वळणाच्या श्रीमंत गृहस्थाची. पैसे त्याचे, हौस त्याची. आणि पहिल्यांदा माथ्यावर पोचलं कोण? त्याचा स्विस गाइड, त्सुरब्रिगेन. एकटा. साहेब पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले, प्रत्येक वेळी उंचीने आजारी पडून खाली. शेवटपर्यंत माथा काही दिसला नाही त्यांना."

पम्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"पण माझी गोष्ट वेगळी आहे," तो म्हणाला. "मी तीन मॅरेथॉन केल्यात."

इथे डॉक्टर हसला. डॉक्टर हा खरोखरचा डॉक्टर आहे, भूलतज्ज्ञ. बोलतो कमी, कारण त्याची माणसं बहुधा झोपलेली असतात. "मॅरेथॉनवाल्यांचीच मला जास्त भीती वाटते," तो म्हणाला. "फिटनेसचा आणि उंचीच्या आजाराचा संबंध नाही. म्हणजे आहे, पण उलटा. पाय दणकट असलेला माणूस पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे पळतो आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. ज्याला मुळातच धाप लागते तो बिचारा हळू चालतो आणि शरीराला वेळ मिळतो."

"वर ऑक्सिजन कमी असतो म्हणून ना?"

"टक्केवारी तीच. इथे २१, एव्हरेस्टवरही २१. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासात हवाच निम्मी. एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. तुझी जी पळायची कमाल ताकद आहे ना, ती दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी उतरत जाते. अकोन्काग्वाच्या माथ्यावर पोचशील तेव्हा निम्मीसुद्धा उरलेली नसेल. तुझीही आणि न पळणाऱ्याचीही. तुझ्याकडे निम्म्याला थोडं जास्त भांडवल, एवढाच फरक."

मग त्याने शरीर काय करतं ते सांगितलं, आणि कट्ट्यावर पहिल्यांदाच शांतता झाली. आधी श्वास वाढतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि मेंदूच श्वासाला लगाम घालतो: पुरे आता. म्हणून वर झोपेत माणूस चार श्वास जोरात घेतो, मग काही सेकंद घेतच नाही, आणि दचकून उठतो. शेजारच्याला वाटतं, गेला की काय. मूत्रपिंडं हळूहळू बायकार्बोनेट बाहेर टाकून हिशेब जुळवतात. रात्री तंबूतून सारखं उठावं लागतं ते त्यामुळेच, आणि ते चांगलं लक्षण आहे. याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी खरोखर वाढायला काही आठवडे. सुरुवातीला रक्त दाट दिसतं ते पेशी वाढल्या म्हणून नाही, रक्तातलं पाणी कमी झालं म्हणून.

"आणि याला शॉर्टकट नाही," डॉक्टर म्हणाला. "सगळ्याची सोंगं आणता येतात, ऑक्सिजनचं नाही."

"आहे की शॉर्टकट!" पम्या उसळला. त्याने अभ्यास केलेला होता, हे मान्य करायला हवं. "गेल्याच वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, चार ब्रिटिश लोक लंडनहून निघाले आणि आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर. झेनॉन वायू हुंगून."

"हुंगला. त्याआधी कित्येक आठवडे घरी कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपले, आणि डोंगरावर सिलिंडर लावून चढले. आता यातलं कशाने काय झालं ते तू सांग. झेनॉनने डोंगरात फायदा होतो याला पुरावा नाही, उलट धोका असू शकतो, हे गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वैद्यकीय समितीने त्याच वर्षीच्या जानेवारीत सांगून ठेवलं होतं. तो वायू आम्ही भूल द्यायला वापरू शकतो, राजा. वर जागं राहायचंय की झोपायचंय?"

"मग गोळी तरी असेल."

"डायमॉक्स आहे. ती लक्षणं झाकत नाही, जुळवून घ्यायला मदत करते. पण कुणी, किती, कधी घ्यायची ते तपासून ठरवायचं. आणि डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, खिशात ठेवून वर जाणारे वेगळेच शूर. ते घेतल्यावर बरं वाटतं, पण शरीर उंचीला सरावलेलं नसतं. औषध थांबलं की सगळं परत. मेंदूला सूज आली असेल तर माणूस पायापुढे पाय ठेवून सरळ रेषेत चालू शकत नाही. फुप्फुसात पाणी झालं तर बसल्याजागी धाप लागते. या दोन्हींवर पहिला उपाय एकच: खाली. रात्र असली तरी खाली."

वैजूने तेवढ्यात पम्याच्या मांडीवरचा मोबाइल उचलला होता आणि वेळापत्रक वाचत होती. "ए, हे बघा. तिसरा दिवस, कॉन्फ्लुएन्सिया, ३,४००. चौथा दिवस, बेस कॅम्प, ४,३००."

"एका रात्रीत ९००," डॉक्टर म्हणाला. "तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज ५००पेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढायचा."

"पाचव्या दिवशी आराम आहे. मग सहावा दिवस ५,०५०, सातवा ५,५५०, आठवा ५,९७०, नववा समिट."

डॉक्टरने बोटं मोडत बेरीज केली. "बेस कॅम्पपासून तीन रात्रींत १,६७०. मध्ये एकदाही वर जाऊन, सामान ठेवून, खाली येऊन झोपणं नाही. बरोबर?"

नव्हतंच. बहुतेक मोहिमा हीच वाट अठरा-वीस दिवसांत करतात, ते उगाच नाही. मधल्या दिवसांत माणूस वरच्या कॅम्पला ओझं पोचवतो आणि झोपायला खाली येतो. चढायचं वर, झोपायचं खाली. ही मंडळी तेवढेच दिवस कापून मोहीम स्वस्त करतात. मला विचाराल तर त्या पानावरचं सगळ्यात मोठं खोटं 'अनुभवाची अट नाही' हे नव्हतंच. सगळ्यात मोठं खोटं होतं तो १३चा आकडा.

"आणि राखीव दिवस?" वैजू वाचत होती. "एक. त्या डोंगरावर वाऱ्यानेच लोक चार-चार दिवस तंबूत अडकतात. एक राखीव दिवस म्हणजे काय होणार माहितीये? हवा खराब असली तरी सगळ्यांना वाटणार, आज नाही तर कधीच नाही. गाइडलासुद्धा."

"गाइडला कशाला वाटेल?" पम्या म्हणाला. "त्याचे पैसे ठरलेले."

"कारण समोर तू असतोस. रजा काढून, वर्षभर पैसे साठवून, घरच्यांना सांगून आलेला. तुझ्या तोंडाकडे बघून 'परत फिर' म्हणायला किती जड जातं ते मला विचार. एव्हरेस्टवर लोकांना नेणारा गाइड रॉब हॉल घे. १९९५मध्ये त्याने एका क्लायंटला एव्हरेस्टच्या माथ्याच्या जवळजवळ खालून परत फिरवलं. तोच माणूस १९९६मध्ये पुन्हा आला. १० मे. दुपारी दोनच्या सुमारास परत फिरायला हवं होतं. हॉल माथ्यावर त्याची वाट बघत थांबला. तो पोचला चार वाजून गेल्यावर. त्यानंतर वादळ. दोघंही गेले. त्या एका वादळात नेपाळ आणि तिबेट दोन्ही बाजूंचे मिळून आठ जण गेले, त्यात दुसऱ्या मोहिमेचा प्रमुख स्कॉट फिशरही. हॉल कच्चा नव्हता रे. त्याच्यासारखे थोडे. एकदा 'नाही' म्हटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा 'नाही' म्हणणं त्याला जमलं नाही."

अव्या इतका वेळ गप्प होता. "म्हणूनच म्हणतो, पैसे आले की घोळ," तो म्हणाला. "त्याच महिन्यात योरान क्रोप तिथे होता. स्वीडनहून सायकलने आलेला, सिलिंडर नाही, शेर्पा नाही. माथा शंभरेक मीटरवर दिसत होता, उशीर झाला म्हणून मागे वळला. एकटा. त्याला कुणी सांगायला लागलं नाही."

"आणि नंतर त्याच महिन्यात चढला," वैजू म्हणाली. "सलाम आहे. पण पम्या क्रोप आहे का?"

सगळ्यांनी पम्याकडे पाहिलं. पम्याने स्वतःच मान हलवली.

इथे मला तोंड उघडावं लागलं, कारण ही गोष्ट कट्ट्यावर मी नेहमी अर्धीच सांगत आलोय. एका सहा हजारी शिखरावर गाइडने मला माथ्याच्या दोनशे मीटर खालून परत फिरवलं होतं. त्यावर मी दोन वर्षं इथे बसून कुरकुर केली: हवा स्वच्छ होती, पाय ठणठणीत होते, पैसे पूर्ण भरले होते. न सांगितलेला अर्धा भाग असा, की गाइडने मला आधी एक प्रश्न विचारला होता. "डाव्या पायाचा क्रॅम्पॉन कधीपासून सैल आहे?" मी खाली पाहिलं. बर्फात पाय घसरू नये म्हणून बुटाखाली बांधतात त्या दातेरी साच्याचा पट्टा लोंबत होता. किती वेळ तसा चालत होतो, मला पत्ता नव्हता. आणि पट्टा दिसल्यावरही तो कुठल्या कडीतून घालायचा ते आठवेना. मी तिथे हसलो होतो, असं गाइडने नंतर खाली आल्यावर सांगितलं. मला तेही आठवत नाही.

"हे तू दोन वर्षं दाबून ठेवलंस?" अव्या म्हणाला.

"तीन होतील आता."

"मग पैसे कशाचे दिलेस तू?" वैजूने मला विचारलं, पण बघत पम्याकडे होती. "वर नेण्याचे? वाट तर तिथे मळलेली असते. 'नाही' म्हणायचे दिलेस. आणि ते वसूल झाले."

अव्या मात्र सहजासहजी सोडणारा नाही. त्याने मुद्दा बदलला आणि, खरं सांगतो, तिथे त्याचं बरोबर होतं. क्लायंट चुकला तर धोका एकट्या क्लायंटला नसतो. २०१४च्या एप्रिलमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. क्लायंट एकही नाही. पाहुणा त्या जागेतून मोजक्या वेळा जातो. त्याचं सामान, दोर, सिलिंडर वर पोचवणारे पुन्हा पुन्हा. "तुझी हौस," अव्या म्हणाला, "दुसऱ्याच्या फेऱ्यांनी मोजायची."

वैजूने यावर वाद घातला नाही. "खरं आहे," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने: "म्हणून तर तयारी करून जायचं. तू बसलास की तुला उतरवायला चार माणसं लागतात. ती चार माणसं आपापला जीव घेऊन आलेली असतात."

तयारी म्हणजे काय यावर मग बराच वेळ गेला. सगळं इथे देत बसत नाही. मुख्य एवढंच की पम्याचं पळणं वाया जाणार नाही, पण वेग विसरायचा. बोलता बोलता चालता येईल अशा चालीने तासन्‌तास, आठवड्यातून एक दिवस लांब चढ, पाठीवर ओझं, आणि ओझं महिन्या-महिन्याने वाढवत न्यायचं. उतरण्याचा सराव वेगळा. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलतात, म्हणून चढताना शाबूत असलेली माणसं उतरताना गुडघ्यात मोडतात. माथ्याच्या दिवशी वर जायला आठ-दहा तास; त्यानंतर तेवढंच खाली यायचं असतं, रिकाम्या टाकीवर. आणि आधी एखादा पाच-साडेपाच हजारांचा डोंगर करून बघायचा, आपलं शरीर वर कसं वागतं ते कळायला. ते कुठल्याही तपासणीत कळत नाही, असं डॉक्टरनेच सांगितलं.

पम्याने त्याच रात्री त्या लोकांना तीन प्रश्न लिहून पाठवले. राखीव दिवस वाढवता येतील का? परत फिरायची वेळ कोण ठरवतं? आणि एका गाइडमागे किती माणसं? चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की आता नोंदणी केल्यास जाड जॅकेट भाड्याने घ्यावं लागणार नाही.

त्याने नोंदणी केली नाही. दुसरी एक २० दिवसांची मोहीम बघतोय, पुढच्या वर्षीची. त्यांनी उलट त्यालाच फॉर्म पाठवला: याआधी कमाल किती उंचीवर झोपला आहात? तो रकाना अजून कोरा आहे.

परवा संध्याकाळी कट्ट्यावर आलो तर पम्या हाताचे पंजे लपतील असे जाडजूड मिटन घालून बसला होता. डोळ्यांवर रुमाल, पायांत वैजूचे जुने क्रॅम्पॉन अर्धे अडकवलेले. रस्त्याने जाणारी पोरं थांबून बघत होती. घड्याळ धरायला, कोण म्हणता? अव्या.

"झाले!" पम्या ओरडला.

"सहा मिनिटं दहा सेकंद," अव्या म्हणाला.

वैजूने वाकून दोन्ही पट्टे ओढून पाहिले. डावा निघून तिच्या हातात आला. "आणि ही सहा मिनिटं बाकीचे सगळे वाऱ्यात उभे," ती म्हणाली. "काढ. पुन्हा घाल."