नऊ फुटांची काठी आणि चौदा चकत्या

फ्लाय फिशिंगचा तयार रॉड घेणाऱ्याला एकदाच ‘हो’ म्हणावे लागते. सुटे भाग निवडून रॉड बांधून घेऊ पाहणाऱ्याला मात्र ब्लँक (म्हणजे रॉडची नुसती काठी), गाइड (दोरी ओवायची कडी), मुठीचे कॉर्क, रील सीट (दोरी गुंडाळायची रील बसवायची जागा), दोरा अशा प्रत्येक टप्प्यावर अनेक सुंदर वस्तूंना ‘नाही’ म्हणावे लागते, आणि माझ्या स्वभावात नेमकी तीच उणीव आहे.

फ्लाय म्हणजे माशाला भुलवण्यासाठी पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन असे जवळपास नसतेच, म्हणून फेकायची असते ती लाइन, म्हणजे गळाची दोरी, आणि रॉडचा क्रमांकही तिच्या वजनावरूनच ठरतो. पाच क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. एवढ्याशा वजनाची बडदास्त राखण्यासाठी माणसाची झोप उडू शकते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

पाच क्रमांकाचा, ९ फुटांचा, चार तुकड्यांचा ब्लँक घ्यावा, इथवर सर्व जाणकारांचे एकमत झाले आणि तिथेच ते संपले. फास्ट ब्लँक मुख्यतः टोकाकडे वाकतो, तर स्लो ब्लँक पार मुठीपर्यंत वाकतो. पहिल्याचे भक्त दुसऱ्याला आळशी म्हणतात आणि दुसऱ्याचे भक्त पहिल्याला उद्धट म्हणतात. कार्बनचे धागे जितके ताठ, तितकी ब्लँकची भिंत पातळ ठेवता येते आणि काठी हलकी होते. पण अशी काठी दगडावर आपटली, तर ती अपमान सहन करत नाही. बांबूच्या सहा पट्ट्या तासून, चिकटवून षटकोनी रॉड घडवणाऱ्या एका गृहस्थांनी तर या साऱ्या चर्चेकडे अशा करुणेने पाहिले, की मला आपण कार्बनचे नाव काढले याचीच लाज वाटू लागली.

ब्लँक निवडल्यावर त्याच्या कण्याचा प्रश्न निघाला. कार्बनचे कापड साच्यावर गुंडाळताना एक बाजू किंचित अधिक ताठ राहते. गाइड या कण्याच्या रेषेत बांधावेत असे एक पंथ सांगतो. काठी ज्या बाजूने सरळ दिसते तिकडे बांधावेत असे दुसरा सांगतो. चार तुकड्यांच्या रॉडमध्ये प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कणा असल्यामुळे या वादाला विषय कधी कमी पडत नाही. मी त्यात पडलो नाही. नवरा-बायकोच्या भांडणात पाहुण्याने चहाच्या कपाकडे पाहत बसावे, तसा बसून राहिलो.

गाइडच्या बाबतीत मात्र माझे ठाम मत आहे. लांबी जितके फूट, तितके गाइड आणि वर एक, हा ढोबळ नियम. त्यात टोकाचे गाइड धरायचे की नाही, यावर पुन्हा दोन तट आहेतच. तिथे खरोखर महत्त्वाचे असते ते वजन. टोकाकडच्या अर्ध्या भागावर वाढलेले थोडेसे वजनही काठीला सुस्त करते, म्हणून तिथे बारीक तारेचे साधे गाइडच हवेत. लाइन हाताने सतत ओढली जाते ती मुठीजवळच्या मोठ्या गाइडमधून, म्हणून त्यात गुळगुळीत सिरॅमिकचे कडे हवे. इथे कंजुषी करू नये, असे मी स्वतःला बजावले आणि लगेच रील सीटच्या लाकडाकडे वळलो.

वास्तविक रील सीटने रील घट्ट धरली की तिचे काम झाले. पण गाठाळ, नक्षीदार लाकूड आणि तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रणातून घडवलेली ती चकचकीत कडी पाहिली, की शहाणपणाला रजा मिळते. ब्लँकचा निर्णय मी जेवढ्या वेळात घेतला, त्याच्या कितीतरी पट वेळ मी लाकडातल्या रेषा न्याहाळण्यात घालवला.

मग आली कॉर्कची मूठ. सात इंचांच्या मुठीला अर्ध्या इंचाच्या चौदा चकत्या लागतात. कॉर्क ओकच्या झाडाची साल प्रथम काढायची, तर ते सुमारे २५ वर्षांचे व्हावे लागते, पुढची साल आणखी निदान ९ वर्षांनी, आणि चांगला दर्जा येतो तो साधारण तिसऱ्या खेपेपासून. त्यातही उत्तम कॉर्कवर वाइनच्या बाटल्यांची बुचे करणाऱ्यांचा डोळा असतो. उरलेल्या चकत्यांना विक्रेते आपापल्या मर्जीने ‘एए’, ‘एएए’ अशा पदव्या बहाल करतात, आणि खड्ड्यांत भुसा-गोंद भरला की सामान्य चकतीही दुकानात पदवीधर दिसते. भरण निघून येते ते पुढे, वापरात. म्हणून मी एकेक चकती उजेडात फिरवून, नखाने टोकरून पाहिली. रॉड बांधणारे कारागीर हे सारे शांतपणे पाहत होते.

शेवटी गाइड बांधायचा दोरा उरला. मी गर्द हिरवा रेशमी दोरा निवडला. तेव्हा कारागिरांनी सांगितले, की इपॉक्सीचा थर बसला की रेशीम जवळजवळ पारदर्शक होते आणि रंग काळपटतो. तो टिकवायचा तर आधी कलर प्रिझर्व्हर लावावा लागेल.

“अहो, तुम्हाला योग्य वाटेल ते लावा,” मी हात जोडून म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यापुढे कलर प्रिझर्व्हरच्या दोन बाटल्या ठेवल्या.