खोक्यावर एचपी लिहितात, हवा किती ते लिहीत नाहीत

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या एका सदनिकेत कपाटाच्या पाठीमागचे प्लायवूड ठोकत असताना तिसाव्या-पस्तिसाव्या खिळ्याला हवेच्या दाबावर खिळे ठोकणाऱ्या माझ्या गनने मान टाकली. गन बिघडली नव्हती, तिला हवा पुरत नव्हती. खिळ्यांची डोकी लाकडाच्या वर दोन-दोन मिलिमीटर उभी राहू लागली आणि खाली आठ लिटरचा नवाकोरा कॉम्प्रेसर कानठळ्या बसवत टाकी भरत राहिला. घरमालक समोर उभे होते. ज्या यंत्रासाठी मी महिन्याची बचत मोजली, त्याच्यामुळे मला त्यांच्यासमोर हातोडी घेऊन उरलेले खिळे बसवावे लागले, याचा संताप अजून उतरलेला नाही.

हा कॉम्प्रेसर मी आंधळेपणाने घेतलेला नाही. विकत घेताना दुकानदाराला मी स्पष्ट सांगितले होते की ५० मिलिमीटरच्या खिळ्यांची गन आहे आणि तिला सहा बारचा, म्हणजे वातावरणाच्या साधारण सहापट, दाब लागतो. त्यावर त्याचे उत्तर होते, "दादा, एक एचपी आहे, आठ बार दाब देतो, डोळे झाकून घ्या." दाब आठ बारपर्यंत जातो हे खरेच आहे, पण तेवढा दाब चाकात हवा भरायचा छोटा पंपसुद्धा दाखवतो. खिळे ठोकणाऱ्याला कळायला हवे ते इतकेच, की कामाच्या दाबाला मिनिटाला किती लिटर हवा प्रत्यक्ष बाहेर पडते. यालाच एफएडी म्हणतात आणि नेमका हाच आकडा खोक्यावर कुठेही नव्हता. तेथे मोठ्या अक्षरांत '१ एचपी' आणि '१०० लिटर प्रतिमिनिट' असे छापले होते. घरी आल्यावर मोटरवरची पट्टी वाचली, तर तीवर ५५० वॅट होते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. मग उरलेले जवळजवळ दोनशे वॅट कोणाच्या खिशात गेले?

शंभर लिटरचा हिशेबही मी घड्याळ लावून तपासला. आठ लिटरची रिकामी टाकी आठ बारपर्यंत भरायला ६४ लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली, हवा लागते, म्हणजे छापलेला आकडा खरा असता तर चाळीस सेकंदांच्या आत टाकी भरायला हवी होती. तिला दोन मिनिटे लागली. याचा अर्थ हा पंप मिनिटाला जेमतेम ३२ लिटर हवा देतो आणि छापलेले शंभर लिटर म्हणजे पिस्टन कागदावर ढकलतो ती हवा, जिचा गनला काहीही उपयोग नाही. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सहा-सात टक्के विरळ असते, त्यामुळे पंपाच्या पदरात आधीच थोडे कमी पडते.

माझ्या गनच्या पुस्तिकेप्रमाणे एका खिळ्याला साधारण एक लिटर हवा जाते. टाकीतला दाब आठवरून सहा बारवर येईपर्यंत आठ लिटरची टाकी १६ लिटर हवा देते, २४ लिटरची टाकी ४८ लिटर देते. चौथीतल्या मुलाला जमेल असा हा गुणाकार आहे. तो विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला एकदा करून दाखवला असता, तर माझे पैसे आणि माझी पत दोन्ही वाचली असती.

त्यानंतर द्वारकेपासून सातपूरपर्यंत सहा दुकाने फिरलो. एकाही ठिकाणी एफएडीचा आकडा मिळाला नाही. एकाने सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, हे विचारल्यावर टाकीचे लिटर सांगितले, दुसऱ्याने "तेवढा विचार कोणी करत नाही" असे म्हणून विषय संपवला आणि उरलेल्यांनी दोन एचपीचे, ५० लिटरचे, पट्ट्यावर चालणारे धूड गळ्यात मारायचा प्रयत्न केला. दोन एचपी म्हणजे जवळपास १५०० वॅट. अर्धवट बांधकामातल्या घरात जो सहा अँपिअरचा प्लग आणि लांबलचक बारीक वायर मिळते, तीवर ती मोटर सुरू होताना गुरगुरून बसणार, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत ते धूड चौथ्या मजल्यावर दोन माणसांनी चढवायचे कसे, हे सांगायला कोणी येणार नाही. मला हवा आहे तो २४ लिटरचा, सहा बारला मिनिटाला खरोखर साठ लिटर हवा देणारा, एका माणसाला उचलता येईल असा कॉम्प्रेसर. ज्या शहरात सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून सुटे भाग बाहेर पडतात, त्या शहरात एक खरा आकडा मागणाऱ्या सुताराला वेड्यात काढले जाते, याची मला मनापासून चीड येते.

सहाव्या दुकानात मी टाकी समोर भरून दाखवा म्हणालो, तर "नवा माल दुकानात चालवत नाही" असे उत्तर मिळाले. रविवारी सातव्या दुकानात जाताना घड्याळ आणि वायर मी बरोबर नेणार आहे आणि टाकी माझ्यासमोर भरल्याशिवाय एक रुपयाही देणार नाही.