मांजर पलंगावर लघवी करते? मग हे अवश्य करा

पाळीव मांजराने मलमूत्रासाठी ठेवलेला ट्रे सोडून पलंगावर, सोफ्यावर किंवा नुकत्याच घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवर लघवी केली, तर सर्वप्रथम त्यामागचा हेतू निश्चित करावा. कारण शोधण्याच्या भानगडीत पडू नये. त्याला वेळ लागतो, निरीक्षण लागते आणि बहुतेक वेळा ते आपल्याच दाराशी येऊन थांबते. हेतू मात्र तत्काळ सापडतो: मांजराने डूख धरला आहे. परवा आपण त्याला ओट्यावरून खाली ढकलले होते, गेल्या आठवड्यात दोन दिवस गावी गेलो होतो, त्याआधी बांगड्याचे डोके द्यायचे राहून गेले होते. अपमानांची ही यादी त्या चार किलो वजनाच्या प्राण्याने मनात जपून ठेवली, योग्य मुहूर्त पाहिला आणि सासूबाईंच्या नव्या गोधडीची निवड केली, हे एकदा मान्य केले की पुढचे सगळे सोपे होते. असा सूड उगवण्याचा बेत मांजर आखत नाही, असे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगतात. पण अभ्यासकांच्या गोधडीवर कोणी लघवी केलेली नसते.

हेतू ठरला की शिक्षा. ती शक्यतो उशिराने द्यावी. मांजराने सकाळी अकराला लघवी केली असेल, तर संध्याकाळी सातला कार्यालयातून परतल्यावर, खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता, त्याला मानगुटीला धरून त्या ठिकाणी न्यावे, त्याचे नाक कापडाला घासावे आणि खणखणीत आवाजात जाब विचारावा. आठ तासांपूर्वीच्या कृत्याशी आत्ताच्या माराचा संबंध जोडणे मांजराला जमत नाही. त्याला कळते ते एवढेच, की सात वाजता कुलपात किल्ली फिरली की एक माणूस आत येतो आणि तो धोकादायक असतो. तरीही ही पद्धत निष्फळ म्हणता येणार नाही. काही दिवसांतच मांजर पलंगावर लघवी करणे सोडते आणि दिवाणाच्या मागे, पुस्तकांच्या सर्वांत खालच्या कप्प्यात किंवा वर्षातून एकदा उघडणाऱ्या प्रवासी बॅगेत करू लागते. शिस्त लागल्याचे समाधान आपल्याला बॅग उघडेपर्यंत पुरते.

ट्रेच्या बाबतीत काटकसर हेच धोरण असावे. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि प्रत्येक ट्रेची लांबी मांजराच्या लांबीच्या किमान दीडपट, असा हिशेब पशुवैद्य सांगतात. त्यांनी आपले फ्लॅट पाहिलेले नसावेत. ज्या घरात पाच माणसे सकाळी एकाच न्हाणीघरापुढे ताटकळतात, तिथे दोन मांजरांसाठी तीन ट्रे मांडणे सामाजिक न्यायाच्या दृष्टीनेही खटकणारे आहे. तेव्हा दोघांत मिळून एकच ट्रे ठेवावा, तोही पिल्लू असताना घेतलेला, ज्यात आता मांजराचे पुढचे पाय आत मावतात आणि मागचा भाग काठाबाहेर राहतो. दोघांपैकी दांडगे मांजर ट्रेच्या वाटेवर आडवे पसरून बसले आणि दुसरे बिचारे दोन तास कळ काढून शेवटी पायपुसण्यावर बसले, तर पायपुसण्यावर बसणाऱ्यालाच ओरडावे. वाट अडवणारे तर फोटो काढण्याजोगे दिसत असते.

ट्रे ठेवण्यासाठी ड्राय बाल्कनीसारखी जागा नाही. तिथे वॉशिंग मशीन असते, आणि मांजर ट्रेमध्ये बसून एकाग्र झाले असताना मशीन कपडे पिळण्याच्या टप्प्यात शिरून थरथरू लागले, की त्या मांजराला ट्रेची भीती कायमची बसते. शिवाय त्या बाल्कनीचे दार रात्री डासांसाठी बंद करता येते. दार बंद, ट्रे पलीकडे, मांजर अलीकडे, अशी व्यवस्था लावून झोपल्यावर सकाळी सतरंजी ओली आढळली तर आश्चर्यचकित व्हावे. मांजराच्या जेवणाची वाटी ट्रेला खेटून ठेवली, तर पुसायचा कोपरा एकच राहतो, हीदेखील मोठी सोय आहे. जिथे जेवतो तिथेच विधी उरकणे मांजराला पटत नाही, पण मोलकरणीला पटते.

सणासुदीचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गणपतीत मखराला जागा लागते, म्हणून आदल्या रात्री ट्रे हॉलच्या कोपऱ्यातून उचलून जिन्याखाली, पेंटिंगच्या डब्यांमागे ठेवावा आणि हा बदल मांजराला कळवू नये. दुसऱ्या दिवशी घरात पंधरावीस अनोळखी माणसे, झांजा, टाळ्या, मोठ्याने म्हटलेल्या आरत्या आणि उदबत्त्यांचा धूर असताना मांजराने जुन्याच कोपऱ्यात, म्हणजे आता मखराच्या पडद्यावर लघवी केली, तर त्याची धार्मिक अनास्था सर्वांसमक्ष बोलून दाखवावी. दिवाळीत फटाक्यांनी भेदरून ते पलंगाखाली दीड दिवस दडून राहिले आणि तिथेच त्याने केले, तर तो निराळा गुन्हा म्हणून नोंदवावा. मांजर हा जागेला धरून राहणारा प्राणी आहे, सामान हलवले तरी तो अस्वस्थ होतो, हे ठाऊक असलेली मंडळी ट्रे हलवायचाच असेल तर रोज थोडा थोडा सरकवतात किंवा जुना तसाच ठेवून नव्या जागी दुसरा मांडतात. त्यांच्याकडे बहुधा गणपती पाच दिवसांचा नसतो.

लिटरची, म्हणजे ट्रेमध्ये भरायच्या दाणेदार मातीची, निवड करताना नाक स्वतःचे वापरावे. पिशवीवर गुलाब, लव्हेंडर किंवा लिंबू यांपैकी एखादे चित्र असणे आवश्यक आहे. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील रानमांजरे, त्यामुळे उकरता येईल अशी बारीक, भुसभुशीत, वास नसलेली माती त्याला आवडते. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लो नावाच्या गृहस्थाने शेजारणीला राखेऐवजी ओल शोषून घेणारी दाणेदार माती दिली आणि त्यातून लिटरचा धंदा उभा राहिला. सांडलेले तेल शोषण्यासाठी कारखान्यांत वापरली जाणारी ती साधी माती होती आणि तिच्यावर गुलाबाचे चित्र नव्हते. आपण मात्र मांजराच्या अभिरुचीत सुधारणा घडवून आणावी. माणसाच्या कितीतरी पट तीक्ष्ण नाक लाभलेल्या प्राण्याला कृत्रिम गुलाबाच्या ढिगाऱ्यावर बसायला लावले की तो बाहेर पळतो आणि सुती चादरीचा आश्रय घेतो. त्यावर उपाय म्हणून ट्रेला झाकण बसवावे, म्हणजे गुलाब आणि अमोनिया दोन्ही आतच कोंडले जातात. ट्रे रविवारी साफ करावा. दिवसातून एकदोनदा गोळे काढण्याचा सल्ला देणाऱ्यांना एवढेच विचारावे, की एसटी स्थानकावरील शौचालय तरी रोज कोण साफ करते, आणि तिथे माणसे जातच नाहीत का? जातात. बरीचशी भिंतीआड जातात, हे उत्तर त्यांनी दिले तर विषय बदलावा.

आता डाग. मांजराच्या लघवीत युरिया असतो, तो पाण्याने निघतो. पण युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि कापसात, फोममध्ये, लाकडाच्या फटीत चिकटून बसतात. त्याखेरीज फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते; नसबंदी न झालेल्या बोक्यात ते भरपूर असते आणि त्याच्या विघटनातून तो सुप्रसिद्ध दर्प निर्माण होतो. या पदार्थांना तोडणारे एन्झाइमयुक्त क्लीनर बाजारात मिळतात. ते ओतून, कापड ओलसर ठेवून, काही तास थांबावे लागते. थांबणे हे आपले काम नव्हे. आपण फिनेल घ्यावे. फिनेलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली, अशी आपली पिढ्यान्पिढ्यांची श्रद्धा आहे. त्यातील फिनॉलवर्गी द्रव्यांचा निचरा करण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते, आणि ते मांजर पुसलेल्या फरशीवरून चालून नंतर पाय चाटणार असते, या तपशिलाने विचलित होऊ नये. अमोनिया असलेले क्लीनर वापरल्यास त्याचा वास मांजराला लघवीचाच वाटतो आणि ‘इथे जावे’ अशी पाटी लावल्यासारखे होते. ब्लीच वापरल्यास लघवीतील अमोनियाशी त्याची गाठ पडून क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, त्यामुळे निदान घरातील माणसे तरी खोलीबाहेर जातात.

शेजारपाजारचे उपायही डावलू नयेत. कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकाव्यात; त्या मांजराला विषारी आहेत, पण शेजारच्या काकूंनी सांगितल्या आहेत. सोफ्यावर तिखट भुरभुरावे, म्हणजे मांजरासोबत पाहुणेही बसणार नाहीत. बंगल्याच्या फाटकाबाहेर कुत्र्यांसाठी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवतात, तशी एक पलंगाच्या उशाशी ठेवावी. या बाटल्यांना कुत्रा टांग वर करून जी दाद देतो ती अनेकांनी पाहिली आहे, तरी बाटल्यांवरचा विश्वास कमी झालेला नाही.

एवढे सगळे करूनही लघवी थांबली नाही, तर एखादा शहाणा मांजराला डॉक्टरांकडे नेण्याचे सुचवील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही परंपरा आपण इतकी निष्ठेने पाळत आल्यावर आता ती मोडण्यात अर्थ नाही. सोफ्याचे कव्हर बदलून झाले, गादी उन्हात टाकून झाली, दाराला जाळी लागली. तपासायचे राहिले ते फक्त मांजर. मूत्राशयाला सूज असेल, त्यात खडे किंवा स्फटिक असतील, मधुमेह असेल, मूत्रपिंडे थकली असतील, तर ट्रेबाहेर लघवी होणे हे पहिले दिसणारे लक्षण असू शकते. लघवी करताना जळजळ झाली की मांजर त्या वेदनेचा दोष ट्रेला देते आणि मऊ, थंड, निराळी जागा शोधू लागते; म्हणजे निदानाच्या बाबतीत ते आपल्याच वळणावर गेलेले असते. कित्येकदा तपासणीत जंतू, खडे काहीच सापडत नाही आणि नुसत्या मानसिक ताणाने मूत्राशय सुजलेले असते. त्या ताणावर आपल्याकडे संध्याकाळी सातचा उपाय चालूच आहे. म्हाताऱ्या मांजराचे सांधे धरलेले असतात, त्याला ट्रेचा उंच काठ ओलांडवत नाही. काठाची एक बाजू कापून खाली केली तर भागते, पण चांगला ट्रे कापायचा कसा?

बोका असेल तर आणखी कणखर राहावे लागते. त्याचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असल्याने त्यात स्फटिकांचा बोळा अडकू शकतो. असा बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, थेंब पडतो किंवा तोही नाही, मागचा भाग चाटत राहतो, विव्हळतो. हे दृश्य पाहून बद्धकोष्ठाचे निदान करावे आणि एरंडेल शोधावे. दुखत असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉल द्यावीशी वाटते. तिची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामुळे हा उपाय एकदाच करता येतो. लघवी पूर्ण अडल्यास रक्तात पोटॅशियम वाढत जाते आणि एकदोन दिवसांत हृदय थांबू शकते. कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मार्ग मोकळा करणारे डॉक्टर गावोगावी आहेत, मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. पण शनिवारी रात्री कुठे जायचे, सोमवारी बघू, असे म्हणण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे. बोक्याला ती नसते.

उभ्याने, शेपूट ताठ करून ती थरथरवत, भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारणारा बोका लघवी करत नसून सरहद्द आखत असतो. त्याला ट्रेशी कर्तव्य नसते. नसबंदीनंतर बहुतेक बोके हे काम सोडतात, पाच-सहा महिन्यांच्या वयात ती केली तर सवय लागण्याआधीच प्रश्न मिटतो. परंतु ‘त्याच्या नैसर्गिक जीवनात आपण ढवळाढवळ का करावी’ हे वाक्य आठव्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळ्या मारलेल्या फ्लॅटमध्ये उच्चारताना जो नैतिक आनंद मिळतो, तो शस्त्रक्रियेने मिळत नाही.

शेवटचा उपाय म्हणजे मांजराला पोत्यात घालून मासळी बाजारापाशी सोडून येणे. याला ‘मोकळ्या वातावरणात ठेवले’ असे म्हणावे. प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरतो. मात्र त्यासाठी पहिल्या खेपेस सांगितलेला दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे सुगंधी लिटरच्या पिशवीपेक्षा कितीतरी स्वस्त. त्यानंतर घर शांत होते, सोफ्याला नवे कव्हर चढते, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवेत दमटपणा आला की फोममध्ये बसून राहिलेले युरिक आम्लाचे स्फटिक ओल धरून पुन्हा दरवळू लागतात. घरात मांजर नसताना वास येतो, याचा अर्थ खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा बोका खिडकीतून येत असला पाहिजे. सोसायटीच्या सचिवांना तसे पत्र लिहावे आणि तोवर थोडे फिनेल टाकून ठेवावे.