कॅनडाच्या सैनिकाचा गणवेश ‘उसना’ होता का?

जुन्या युद्धफोटोंच्या समूहांवर एक मजकूर सतत फिरत असतो. परवा तो मला तिसऱ्यांदा आला, तेव्हा उत्तर लिहायचे ठरवले. त्यात म्हटले आहे की दोन्ही महायुद्धांत कॅनडाच्या फौजेला स्वतःचा गणवेशच नव्हता, ब्रिटिशांनी दिलेले कपडे ते घालत. ब्रिटिश सैनिकापेक्षा वेगळे एवढेच, की त्यांच्या खांद्यावर ‘कॅनडा’ अशी पट्टी असे. बाहीवरचा लाल आयत लढाईत जखमी झालेल्यांना मिळे. आणि टोपीवरचा बिल्ला वाचला की तो माणूस कुठल्या पलटणीतून लढला हे खात्रीने सांगता येते.

चारही विधाने चुकीची आहेत. पहिल्यात थोडे तथ्य आहे, म्हणून बाकीचीही लोकांना खरी वाटतात. याच मजकुराच्या भरवशावर लोक आपल्या घरातल्या, शेजाऱ्यांच्या घरातल्या फोटोंखाली नावे आणि पलटणी लिहून टाकतात, आणि एकदा लिहिलेले पुढच्या पिढ्या तसेच धरून चालतात.

आधी कपड्यांचे बघू. दुसऱ्या महायुद्धातला तो आखूड, कमरेशी पट्ट्याने आवळलेला लोकरी बॅटलड्रेस मूळचा ब्रिटिश, हे मान्य. कॅनडाने १९३९ मध्ये तोच नमुना घेतला. पण कापड विणले आणि कपडे शिवले ते कॅनडातल्या गिरण्यांनी आणि कारखान्यांनी. दोन्ही जाकिटे शेजारी ठेवली तर डोळ्यांना लगेच फरक कळतो. ब्रिटिश कापड मातकट तपकिरी, कॅनडाचे वाळलेल्या मेंदीच्या पाल्यासारखे हिरवट. जाकीट उलटे करा. आत शिवलेल्या लेबलवर माप, साल आणि इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात वर टोक केलेला छोटा बाण दिसतो. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची जुनी खूण. तिच्याभोवती ‘सी’ आला की माल कॅनडा सरकारचा.

फोटो काळा-पांढरा असेल तर रंगाचा उपयोग नाही, तेव्हा बटणे बघावीत. युद्धाच्या मध्यावर ब्रिटनने काटकसर म्हणून बटणे झाकणारी पुढची पट्टी काढून टाकली, खिशांच्या चुण्याही काढल्या, आणि बटणे उघडी पडली. कॅनडाने ही काटकसर केली नाही. त्यांच्या जाकिटाची बटणे शेवटपर्यंत पट्टीखाली झाकलेली राहिली. मात्र १९४० च्या आसपासच्या फोटोत ही कसोटी लावू नये, कारण तेव्हा ब्रिटिशांचीही बटणे झाकलेलीच होती.

पहिल्या महायुद्धातही हेच. ऑक्टोबर १९१४ मध्ये कॅनडाहून तीस हजारांहून जास्त सैनिकांची पहिली तुकडी निघाली, तेव्हा त्यांच्या अंगावर कॅनडाचा स्वतःचा कोट होता. ताठ उभी कॉलर आणि पुढे सात बटणे. ब्रिटिश कोटाला दुमडलेली कॉलर आणि पाच बटणे. इंग्लंडला पोचल्यावर अनेकांना ब्रिटिश कोट मिळाले, हे खरे, आणि त्या मजकुरातले तथ्य इथेच आहे. पण पाच बटणांचा कोट घातलेला कॅनेडियन सापडला म्हणून सात बटणांचा कोट नव्हताच असे होत नाही.

उलट काही कॅनेडियन सैनिक तर अमेरिकी गणवेशात लढले. १९४२ मध्ये मोंटाना राज्यातल्या हेलेना इथे अमेरिका आणि कॅनडा यांचे एक संयुक्त खास दल उभे राहिले. त्यातल्या कॅनेडियनांना कपडे अमेरिकी मिळाले, आणि बाहीवर लाल भाल्याच्या पात्याची खूण. त्या पात्यावर आडवे ‘यूएसए’ आणि उभे ‘कॅनडा’.

आता खांद्यावरच्या पट्टीचे. ‘फरक एवढाच’ हे म्हणणेच चूक. रेजिमेंटांच्या स्वतःच्या नावाच्या, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या होत्या. त्याखाली बाहीवर डिव्हिजनचा, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेल्या मोठ्या दलाचा, रंग. तो एकदा पाठ झाला की अर्धे काम संपते. पहिली डिव्हिजन लाल, दुसरी निळी, तिसरी करडी, चौथी हिरवी, पाचवी गडद तांबडी. फ्रान्समधल्या डिएपच्या किनाऱ्यावर १९ ऑगस्ट १९४२ ला उतरली ती निळी. त्या मोहिमेवर निघालेल्या ४,९६३ कॅनेडियनांपैकी नऊशेहून जास्त जणांचा जीव गेला. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या जूनो किनाऱ्यावर उतरली ती करडी.

आणि ‘कॅनडा’ ही पट्टी दिसली म्हणून माणूस कॅनडाच्याच तुकडीत होता असेही नाही. १९४४ मध्ये ब्रिटिश फौजेला अधिकारी कमी पडत होते, तेव्हा कॅनडाने आपले ६७३ अधिकारी ब्रिटिश रेजिमेंटांना दिले. त्यांच्या खांद्यावर ‘कॅनडा’, आणि बिल्ले मात्र ब्रिटिश रेजिमेंटचे. कॅनडाची पहिली पॅराशूट बटालियनही ब्रिटिशांच्या सहाव्या हवाई डिव्हिजनमध्ये लढली आणि त्या डिव्हिजनची पंख असलेल्या घोड्याची खूण बाहीवर लावत असे. अशा फोटोत एका खुणेवर थांबणाऱ्याची फसगत होणारच.

तिसरे विधान मला सगळ्यात जास्त खटकते, कारण लाल रंग आणि रक्त ही जोडी ऐकायला इतकी बरोबर वाटते की कुणी तपासतच नाही. लाल आयत पहिल्या डिव्हिजनचा. ती खूण १९१६ ची आहे. फ्रान्सच्या चिखलात कोण कुठला हे लांबून ओळखू यावे म्हणून प्रत्येक डिव्हिजनला एक रंग दिला गेला. त्या आयतावर आणखी एक छोटा आकार शिवलेला असे. त्याचा रंग ब्रिगेड, म्हणजे डिव्हिजनमधला चार पलटणींचा गट, सांगे. हिरवा पहिलीचा, लाल दुसरीचा, निळा तिसरीचा. आणि आकार पलटण सांगे. पूर्ण गोल पहिली, अर्धगोल दुसरी, त्रिकोण तिसरी, चौकोन चौथी. म्हणजे लाल आयतावर निळा चौकोन दिसला, तर पहिली डिव्हिजन, तिची तिसरी ब्रिगेड, त्या ब्रिगेडमधली चौथी पलटण. सलग क्रमांकाने ती १६ वी बटालियन, म्हणजे १६ वी पलटण. कापडाच्या दोन तुकड्यांत पूर्ण पत्ता! इतकी सुरेख रचना ‘रक्ताची खूण’ म्हणून सांगितली जाते तेव्हा खरेच वाईट वाटते.

दुसऱ्या महायुद्धात पहिल्या डिव्हिजनने तोच लाल आयत पुन्हा घेतला. डिव्हिजनमधला स्वयंपाकी, कारकून, काल भरतीला आलेला पोरगा, सगळ्यांच्या बाहीवर तो होता. जखमेची खूण वेगळी होती. डाव्या बाहीवर मनगटाच्या वर सोनेरी, उभी, बारीक पट्टी. जितक्या वेळा जखमी, तितक्या पट्ट्या. आजोबा जखमी झाले होते का हे शोधायचे असेल तर दंडाकडे बघू नका, मनगटाकडे बघा.

राहिला टोपीचा बिल्ला. पहिल्या महायुद्धात कॅनडाने १ ते २६० अशा क्रमांकांच्या पलटणी काढल्या. गावोगाव भरती झाली, प्रत्येकीचा आपला बिल्ला, बहुतेकांवर मेपलचे पान. पण आघाडीवर चार डिव्हिजन होत्या, प्रत्येकीत १२ पलटणी, म्हणजे एका वेळी ४८. बाकीच्या बहुतेक इंग्लंडला पोचल्यावर मोडल्या आणि त्यांची माणसे आघाडीवरच्या पलटणींत वाटली गेली. फोटो मात्र निघाला तो निघण्याआधी, गावातल्या स्टुडिओत, नवाकोरा बिल्ला लावून. त्यामुळे बिल्ला सांगतो तो माणूस कुठे भरती झाला ते. लढला कुठे, हे बाहीवरच्या रंगीत तुकड्यावरून किंवा त्याच्या सेवानोंदीवरूनच कळते.

मराठी घरांत या सगळ्याचा काय उपयोग, असे कुणी विचारले तर माझे उत्तर आहे: इटली. आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण होती, ज्या पलटणीच्या नामदेव जाधव यांना पुढे एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मे १९४४ मध्ये कसिनोच्या दक्षिणेला गारी नदी ओलांडताना या डिव्हिजनच्या मदतीला रणगाडे होते ते कॅनडाच्या पहिल्या आर्मर्ड ब्रिगेडचे. त्या ब्रिगेडची खूण शंकरपाळ्याच्या आकाराची, काळी. तेव्हा इटलीतल्या एखाद्या घरगुती फोटोत पणजोबांच्या शेजारी काळी बेरे टोपी घातलेला गोरा सैनिक उभा असेल, तर खाली ‘इंग्रज मित्र’ असे लिहिण्याआधी भिंग घेऊन त्याच्या बाहीवर काळे शंकरपाळे दिसते का, ते बघा.