टेबल उघडायच्या आधी डेटाकडे बघा

झेड-स्कोअर (स्कोअर सरासरीपासून किती दूर आहे याचं माप) काढला, टेबल उघडलं, पर्सेंटाईल (शंभरातले किती जण आपल्या खाली) लिहून टाकला, झालं. शिकवणारे, शिकणारे, रिपोर्ट लिहिणारे, सगळेच हे इतक्या सवयीने करतात की मधे एक अट आहे, डेटा नॉर्मल म्हणजे घंटेच्या आकाराचा असण्याची, हेच विसरायला होतं. माझं स्पष्ट मत आहे की ती अट तपासली नसेल तर पर्सेंटाईलची जागा कोरी सोडावी, पण चुकीचा आकडा लिहू नये, कारण तो आकडा वाचणारा माणूस त्यावर निर्णय घेत असतो.

झेड-स्कोअर मला मनापासून आवडतो हे आधीच सांगतो. नुसता रॉ स्कोअर, म्हणजे मिळालेले मार्क, काही बोलत नाही. एखादीला गणितात ७८ आणि भाषेत ७२ पडले तर आपण लगेच म्हणतो गणित चांगलं गेलं. पण गणिताची सरासरी ६६ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १६ होतं, भाषेची सरासरी ६४ आणि एसडी फक्त ५, असं कळलं तर? स्कोअरमधून सरासरी वजा करायची आणि उरेल त्याला एसडीने भागायचं. गणितात १२ भागिले १६ म्हणजे ०.७५, भाषेत ८ भागिले ५ म्हणजे १.६. मार्क कमी असूनही भाषेत ती बाकीच्यांच्या बरीच पुढे आहे, आणि हे समजायला एक वजाबाकी नि एक भागाकार पुरला.

गडबड होते ती यानंतर. ०.७५ म्हणजे साधारण ७७ वा पर्सेंटाईल आणि १.६ म्हणजे साधारण ९४.५ वा, असं टेबल सांगतं, पण ते टेबल नॉर्मल कर्व्हचं, म्हणजे घंटेसारख्या बेल कर्व्हचं आहे, तुमच्या डेटाचं नाही. बऱ्याच जणांना मनापासून वाटतं की झेड काढला की डेटा आपोआप नॉर्मल होतो. अजिबात होत नाही. सरासरी ० होते, एसडी १ होतं, बस. आकार होता तसाच राहतो, एका बाजूला कललेला असेल तर कललेलाच.

समजा पेपर सोपा होता, १०० मार्कांचा, सरासरी ९० आली आणि एसडी ८. एका मुलाला पैकीच्या पैकी. त्याचा झेड १०० वजा ९० भागिले ८, म्हणजे १.२५. आता टेबलात बघा, ८९.४४. म्हणजे टेबलाच्या हिशेबाने जवळपास साडेदहा टक्के मुलं त्याच्या वर आहेत! १०० पैकी १०० मिळवलेल्याच्या वर कोण असणार? हिशेबात कुठेही चूक नाही, झेडही बरोबर आहे. फक्त मार्क वरच्या टोकाला दाटलेत आणि खाली लांब शेपूट आहे, तिथे बेल कर्व्हचं टेबल लावायलाच नको होतं. हिस्टोग्राम (कुठल्या मार्कांना किती मुलं, याचा स्तंभांचा आलेख) काढायला एक मिनिट लागतं हो, तो आधी काढा.

मग पर्सेंटाईल काढायचा कसा? सरळ मोजून. सगळ्यांचे स्कोअर हातात असतील तर टेबलाची गरजच काय? फक्त कसं मोजलं ते लिहा, कारण इथेही तीन पद्धती चालतात. २० जणांत १४ जण तुमच्या खाली आणि तुम्हाला धरून तिघांचे मार्क सारखे असले तर "खाली किती" मोजून ७० येतो, "खाली आणि बरोबरीचे" धरून ८५, आणि बरोबरीचे निम्मे धरले तर ७७.५. माणूस तोच, मार्क तेच. ग्रुप छोटा असला की हा फरक फार बोचतो.

आता पर्सेंटाईलची सरासरी. हे बघितलं की मला खरंच राहवत नाही. पर्सेंटाईल म्हणजे शेवटी नंबर, शर्यतीतल्या नंबरासारखा, पुढे कोण ते कळतं पण किती पुढे ते नाही. आयक्यूचा स्केल घ्या, सरासरी १०० आणि एसडी १५. तिथे ५० वरून ६० व्या पर्सेंटाईलला जायला चारच्या आत पॉइंट पुरतात, आणि ९० वरून ९९ ला जायला जवळपास १६ लागतात. मधे गर्दी, टोकाला माणसं विरळ, त्यामुळे हे होणारच. मग अशा असमान पायऱ्यांची बेरीज करून दोनाने भागायचं? एकाला दोन टेस्टमध्ये ९९.९ आणि ५०, दुसऱ्याला ९० आणि ९०. पर्सेंटाईलच्या सरासरीत पहिला जेमतेम ७५, दुसरा ९०. झेडची सरासरी घेतली तर पहिला १.५५ च्या आसपास आणि दुसरा १.२८, म्हणजे पहिला पुढे! क्रमच उलटा झाला, आणि अशा यादीवरून कुणाची निवड होत असेल तर तो साधासुधा घोळ नाही.

हे सगळं परीक्षेपुरतंच आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचे पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाढीचे २००६ चे तक्ते आहेत, त्यात उंचीच्या मानाने वजनाचा झेड उणे ३ च्या खाली गेला तर तीव्र कुपोषण आणि उणे ३ ते उणे २ मधे असेल तर मध्यम कुपोषण धरतात. वजनाचा डेटा एका बाजूला कललेला असतो, म्हणून तिथे साधी वजाबाकी-भागाकार न करता तो कल गणितातच धरलेला आहे, अट तपासणं म्हणतो ते हेच. आता एक मूल उणे ३.८ वर होतं, उपचार झाले, खाणं सुधारलं, उणे २.९ वर आलं. घरच्यांसाठी आणि उपचार करणाऱ्यांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण पर्सेंटाईलच्या तक्त्यावर आधीही सगळ्यात खालच्या रेषेखाली आणि नंतरही तिथेच, एकच नोंद, "३ पेक्षा कमी". मुलाने भरून काढलेलं अंतर त्या कागदावर दिसतच नाही. म्हणून मुलाचं कार्ड बघताना नुसत्या पर्सेंटाईलवर थांबू नका, मागच्या आणि आत्ताच्या दोन्ही तारखांचा झेड विचारा, शेजारी शेजारी लिहून घ्या.